सावरीवरच्या चार ढोल्या

झाडं झोपेत बोलत असत, त्या काळची गोष्ट. भिवा सुतारपक्ष्याने सावरीच्या झाडात भाड्याने द्यायला चार ढोल्या कोरल्या. भाडं ठरलं, रोज एक गाणं.

पहिल्यांदा साळुंकी आली. आत डोकावून म्हणाली, "भिवादादा, तू स्वतः इथे एक तरी पावसाळा काढलास का?"

"मी शेजारच्या आंब्यावर राहतो."

साळुंकी उडून गेली.

त्या पावसाळ्यात भिवा आळीपाळीने चारही ढोल्यांत राहिला. धुकं आत येऊन बसे, थेंब टपटपत, तो ऐकत राही.

फाल्गुनात सावर लाल फुलली आणि साळुंकी पुन्हा आली. भिवा म्हणाला, "तिसरीत डावीकडे गळतं. तिथे अंडी ठेवू नकोस."

साळुंकीने चोचीतली काडी तिसऱ्याच ढोलीत, उजवीकडे ठेवली आणि गायला लागली.