पाण्याखालचा नकार

त्या राज्यात पाण्यावरच्यांनी पाण्याखालच्यांना खावे आणि पाण्याखालच्यांची त्याला ना नसावी, असा रिवाज होता. रिवाजाला शास्त्राचा आधार होता, आणि ते शास्त्र धवलराव बगळ्यांनी रचलेले होते.

धवलराव हे अर्थ-व्याकरण परिषदेचे तहहयात अध्यक्ष. दर हिवाळ्याच्या तोंडी तळ्याकाठच्या मोठ्या खडकावर परिषद भरे. कुणाच्या बोलीत भूतकाळ आहे, कुणाच्या बोलीत अनेकवचन नाही, यावर लांबलांबचे पक्षी निबंध वाचत. ऐकणारे डुलक्या काढत आणि जेवणाच्या वेळी मात्र झाडून सगळे जागे असत. धवलरावांचा सिद्धांत प्रत्येकाला पाठ होता : माशांच्या भाषेत नकार नाही. त्यासाठी त्यांनी उभी हयात एका पायावर काढली होती. पाण्याकडे बघून ते विचारत, "खाऊ का?" बुडबुडा वर आला, की तो होकार. नाही आला, तर तिथे मासाच नाही, असे धरून ते पुढे सरकत.

पाणडुबी ही परिषदेची सगळ्यात नवी सभासद. तिला खडकावर जागा मिळालेली नव्हती; ती खाली पाण्यातच तरंगत निबंध ऐके आणि मनातल्या मनात खडकावर बसून बघे. मात्र बुडी मारावी तर तिनेच. एकदा अशीच बुडी मारून ती माशाच्या एका पिल्लामागे शेवाळात शिरली, तर समोर म्हातारी रोहू आडवी आली. पाणडुबीने सवयीने विचारले, "खाऊ का?"

रोहूने कल्ले घट्ट मिटले. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात एक बुडबुडा थरथरत होता. तिने तो सोडला नाही.

"आजी, काही बोलत का नाही?" पाणडुबीने विचारले.

मग कुठे रोहूने श्वास सोडला. "बोलले की, पोरी. नाही म्हटलं."

पाणडुबी जागच्या जागी थांबली. बुडबुडा सोडला की हो, आणि आवळून धरला की नाही! काठावर उभे राहून हे कुणाला आणि कसे दिसणार? त्या दिवसापासून ती रोज रोहूआजीकडे शिकायला जाऊ लागली. मासे खाणे तिला जमेना. पाणकिड्यांवर भागवता भागवता तिची मान काडीसारखी झाली, पण डोळ्यांत असे तेज आले, की इतर पाणडुब्यांना तिचे लग्न ठरले असावेसे वाटले.

"तुमच्या सभेत एवढंच सांग," रोहूआजी म्हणाली. "आम्ही नाही म्हणतो. पहिल्यापासून म्हणत आलोय."

पाणडुबीने परिषदेत ते सांगितले, आणि खडकावर एकच कलकलाट झाला. सचिव करकोचा चोच आपटून म्हणाला, "जे वर येतच नाही, ते व्याकरणात धरायचं कसं? उद्या दगडालाही व्याकरण आहे म्हणाल!"

धवलरावांनी पंख वर करून सगळ्यांना गप्प केले. "बोलणाऱ्यालाच आणा. परिषदेच्या आवारात तिच्या खवल्यालाही धक्का लागणार नाही. माझा शब्द आहे."

रोहूआजी आली, खडकाला लागून उभी राहिली. वर चोचींची दाटी.

"आजी, ऊन छान पडलंय ना?" धवलरावांनी विचारले. बुडबुडा आला.

"आपण झाडावर राहता का?" पाणी स्तब्ध.

धवलराव थोडे वाकले. "मी आपल्याला खाऊ का?"

पाणी स्तब्धच राहिले. खाली रोहू होती, सगळ्यांना दिसत होती, आणि बुडबुडा नव्हता. मग सभेने कधी न पाहिलेले घडले. धवलरावांनी दुसरा पाय खाली टेकला.

"मी चुकलो," ते म्हणाले.

केवढा जयजयकार झाला! रोहूआजी सुखरूप परत गेली. धवलरावांनी पाणडुबीला आपल्या शेजारी खडकावर बसवून घेतले. त्या दिवशी जेवणाला गोगलगायी होत्या. विद्वानांनी त्या लांब चेहऱ्याने गिळल्या आणि एकमेकांकडे पाहणे टाळले.

दुसऱ्या दिवशी ठराव आला. यापुढे कुणाही माशाला त्याच्या भाषेत, त्याच्या व्याकरणाप्रमाणे विचारल्याशिवाय खायचे नाही. आणि त्याने नकार दिला, तर तो मानायचा.

"प्रश्न मात्र नीट घडवायला हवा," धवलराव म्हणाले. "'खाऊ का?' हे फार उद्धट होतं. आपण अदबीनं विचारू. काय म्हणतेस, बाळ?"

"हो सर, अदबीनंच," पाणडुबी म्हणाली. शब्द समितीने ठरवले. उच्चारांची जबाबदारी तिच्यावर आली, आणि एकेका बगळ्याची चोच धरून तिने ते घोटून घेतले. ते इतके शुद्ध जमले, की तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

समारोपाच्या सकाळी सगळे काठावर रांगेने उभे राहिले. त्यांच्या सावल्या पाण्यावर पडल्या. धवलराव पुढे झाले आणि अगदी निर्दोष मत्स्यभाषेत त्यांनी विचारले, "आम्ही आपल्याला खाल्लं, तर आपली काही हरकत आहे का?"

खाली सगळ्यांनी भीतीने श्वास रोखला. तळ्यावर एकही बुडबुडा उठला नाही.

खडकावरून पाणडुबीने ते सपाट पाणी पाहिले. तिने सूर मारला. "आजी, सोडा! बुडबुडा सोडा! हो म्हणा, हरकत आहे म्हणा!" रोहूआजीचे ओठ हलले, पण वर इतक्या चोची असताना कल्ले उघडेनात. तेव्हा पाणडुबीने आपल्या छातीत होता नव्हता तेवढा श्वास सोडून दिला आणि धापा टाकत वर आली.

पाण्यावर बुडबुडे फुटत होते. करकोच्याची चोच अधांतरी थांबली. "सर, हरकत आली वाटतं."

धवलरावांनी मान वाकडी करून बुडबुडे निरखले.

"छे," ते म्हणाले. "हा पाणडुबीचा उच्चार. मातृभाषा असलेल्याचा नव्हे."

ते थांबले. शेवटचा बुडबुडा फुटून पाणी पुन्हा गुळगुळीत होईपर्यंत त्यांनी सगळ्यांना थांबवून धरले. मग पाण्यापुढे नम्रपणे मान लववली.

"नाही म्हणतात," त्यांनी रांगेला सांगितले, आणि सगळ्या चोची एकदम खाली आल्या.