उकळीची रेघ

“...आणि काटा खोटं बोलतोय, हे तुला सांगितलं कुणी?”

“इंजिनानं,” शर्वरी म्हणाली.

दस्तगीर वस्ताद हसले नाहीत. उद्यमनगरातल्या आपल्या गाळ्याच्या दारात, स्टुलावर बसून, ते एका मीटरची काच पुसत राहिले. कोल्हापुरात जुन्या गाड्यांचे मीटर उघडणारे ते एकटेच उरले होते. बाकीच्यांनी केव्हाच दुसरे धंदे धरले.

बाहेर उन्हात गाडी उभी होती. दोन दारं, दोनच सीट, लांबट हिरवं नाक. विलायती स्पोर्ट्स कार, वय शर्वरीच्या दुप्पट. तिचे वडील, विलासराव इंगवले, गेल्या आषाढात गेले. घरात आता फक्त पुण्याहून परतलेली शर्वरी राहत होती आणि दारात ही गाडी.

“इंजिन काय म्हणालं?”

“उकळलं. दोनदा. दोन्ही वेळा करूळ घाट चढताना. बॉनेटमधून वाफ येत होती आणि तापमानाचा काटा आरामात ऐंशीवर बसला होता.” तिचा आवाज चढला. “उकळून वाकलेलं इंजिनाचं हेड दोनदा घासून सपाट करून घेतलंय. मेकॅनिक म्हणाला, आता घासायला जागा नाही. तिसऱ्यांदा उकळली तर इंजिन संपलं. असं इंजिन दुसरं मिळत नाही, वस्ताद. गाडी भंगारात जाईल.”

“मग घाटात नेऊ नगंस.”

“मग ती ठेवायची कशाला?”

वस्तादांनी काच उजेडात धरली. तिच्यावर फुंकर मारली. पुन्हा पुसली.

म्हाताऱ्यांकडे वेळ इतका कसा असतो, हे शर्वरीला कधी कळलं नव्हतं.

तिनं पिशवीतून खोकं काढलं आणि त्यांच्या बाकावर ठेवलं. आत काळ्या पट्टीवर बसवलेला एक डिजिटल पडदा होता.

“हे मी स्वतः बनवलंय. इन्स्ट्रुमेंटेशनची डिग्री आहे माझी, मापं घेणं हाच माझा विषय. वेग, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, बॅटरी... अकरा आकडे एका जागी. पाणी पंच्याण्णवच्या वर गेलं की लाल होतो आणि ओरडतो. तुम्ही फक्त जुने मीटर काढा आणि डॅशबोर्ड कापून हे बसवा. लाकूड जुनं आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात करवत द्यायची मला भीती वाटते.”

वस्ताद पडद्याकडे बघत राहिले. मग उजवीकडून बघितलं. मग डावीकडून.

“कुठूनबी बघितलं तरी आकडा त्योच?”

“कुठूनही. आकडाच आहे तो. काट्यासारखा तिरका दिसत नाही.”

“आणि बघायचं इसरलं तर ओरडतो.”

“हो.”

“मग बघायला माणूस कशाला पायजे?”

“नकोच आहे!” ती म्हणाली. “तेच तर सांगतेय. मी एकटी चालवते.”

वस्तादांनी काच फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली.

“जुना मीटर मेलाय का जित्ता हाय, ते बघितल्याबिगर मी काढत न्हाई. माझी रीत हाय.”

“बघायचं काय त्यात? मी सांगतेय ना...”

“तू सांगतीस. मीटरला बी सांगू दे की.”

तिनं घड्याळ बघितलं. मग रागारागानं बॉनेट उघडलं.

वस्तादांनी शेगडी गाडीजवळ आणली. तिच्यावर अॅल्युमिनियमची किटली चढवली. इंजिनातून त्यांनी बोटाएवढं एक पितळी टोक सोडवलं. हेच टोक इंजिनाच्या पाण्यात बुडालेलं असतं, आणि तिथून एक बारीक तांब्याची नळी थेट डॅशबोर्डवरच्या मीटरपर्यंत जाते. ते टोक त्यांनी किटलीत सोडलं.

“जा. बस.”

“मी कशाला? तुम्ही बघा ना काटा.”

“गाडी मी चालवणार हाय व्हय?”

ती उजवीकडं, स्टेअरिंगमागे बसली. वस्ताद मीटरकडे पाठ करून किटलीपाशी उभे राहिले. डॅशबोर्डच्या मधोमध तापमानाचा गोल मीटर होता. पांढरी तबकडी, काळे आकडे, आणि शंभरच्या जरा अलीकडे हातानं ओढलेली एक लाल रेघ.

“लाल रेघ म्हंजे उकळी,” वस्ताद म्हणाले. “मीच वडली हुती.”

“कोल्हापुरात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं. आपण समुद्रापासून उंचावर आहोत म्हणून.”

“व्हय? पाण्याला ठावं हाय का?”



किटली कुजबुजायला लागली. काटा हलला. चाळीस. पन्नास. सत्तर.

झाकण थडथडलं. वाफ उसळली.

“उकळलं,” वस्ताद पाठमोरेच म्हणाले. “काय म्हणतोय?”

“ऐंशी! बघा! पाणी खळखळ उकळतंय आणि हा ऐंशी म्हणतो. रेघेच्या आसपाससुद्धा नाही.” ती जवळजवळ आनंदानं ओरडली. “मेलाय. काढा आता.”

“शेजारी बस.”

“काय?”

वस्तादांनी मागे न वळता हातानं खूण केली. डावीकडं.

डावी सीट धुळीनं भरली होती. शर्वरीनं तिच्यावर कधी पर्ससुद्धा ठेवली नव्हती. ती गिअरवरून पाय टाकून पलीकडे सरकली.

आणि काटाही सरकला.

म्हणजे काटा होता तिथंच होता. पण या बाजूनं तो नव्वदच्या पुढं गेलेला दिसत होता.

“पॅरॅलॅक्स,” ती पुटपुटली. काटा आणि तबकडी यांच्यात जागा असते, त्यामुळे कोनातून बघितलं की काटा भलत्याच आकड्यावर दिसतो. पहिल्या वर्षाला, पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात. तिला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते.



“ठीक आहे. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तरी रेघेवर नाहीच. चार-पाच डिग्री कमीच आहे. म्हणजे मीटर चुकीचाच.”

आता वस्ताद वळले. दाराशी आले. मीटरकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघितलं.

“खाली सरक.”

“किती?”

त्यांनी तळहात पालथा करून हवेत धरला. कमरेच्या जरासा वर.

“एवढी हो.”

शर्वरीला हसू आलं. मग तिनं तो हात नीट बघितला... आणि हसू विरलं.

ती सीटवर घसरत खाली गेली. गुडघे डॅशबोर्डला टेकले. हनुवटी छातीला लागली. समोरच्या काचेतून रस्ता दिसेना, नुसतं आभाळ दिसू लागलं.

काटा लाल रेघेवर होता.

तंतोतंत. सूतभरही इकडे-तिकडे नाही.



“चौथीत हुतीस,” वस्ताद म्हणाले. “काटा बसवताना मालकाला सीटवर बसवायचं आणि त्याच्या डोळ्यानं बसवायचा, ही आमच्या गाळ्याची रीत. इलासराव आलं, मी म्हटलं बसा. ते म्हणालं, मी न्हाई, ही बसल. मी रस्ता बघतो, काटा ही वाचती.”

“मला आठवत नाही.”

“लई बडबड करत हुतीस. किटली गरम व्हायच्या आधीच वरडायला लागलीस, बाबा चाळीस, बाबा चाळीस.”

तिला गाळा आठवत नव्हता. पण तो ओरडा आठवला. रविवारची सकाळ, घाटाची वळणं, आणि ती दर दोन मिनिटांनी एक आकडा पुढं करायची. पासष्ट, बाबा. सत्तर, बाबा. बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, “समजलं, साहेब.”

नववीत तिनं जाणं बंद केलं. कंटाळा येतो म्हणाली. मग पुण्याला कॉलेज, मग तिथंच नोकरी. बाबा फोनवर विचारायचे, रविवारी येतेस का? ती म्हणायची, बघते.

“पण नंतर तर ते एकटेच चालवायचे,” ती म्हणाली. “बारा वर्षं. दर रविवारी. घाटातसुद्धा. त्यांच्या सीटवरून तर काटा ऐंशीच दिसत असणार. गाडी एकदाही कशी उकळली नाही?”

वस्ताद फिरून पलीकडे गेले, स्टेअरिंगमागे बसले. सत्तरी ओलांडलेलं शरीर, वाकताना हाडं वाजली. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. मग कमरेतून डावीकडे झुकले... आणखी झुकले... डोकं शर्वरीच्या खांद्याच्याही खाली आलं, रिकाम्या सीटवर कुणी लहान मूल बसावं तिथपर्यंत. तिथून त्यांनी एक नजर काट्याकडे टाकली.

मग सरळ झाले.

“घाटात?” शर्वरी म्हणाली. “वळणावर?”

“सरळ रस्ता आला की.”

ती सीटवर तशीच घसरलेली होती. वर सरकायचं तिला सुचलं नाही.

“एक स्क्रू,” ती म्हणाली. “फक्त एक स्क्रू सोडवून काटा फिरवायचा. दहा मिनिटांचं काम. तुम्ही का नाही केलंत?”

“दर साली गाडी यायची माझ्याकडं. दर साली इचारायचो, इलासराव, काटा तुमच्या बाजूनं घेऊ का? म्हणायचं, ऱ्हाऊ दे.”

“आणि मला? मला कुणी सांगायचं?” आता ती उठून बसली. डोळे लाल झाले होते, आवाज फाटला होता. “तुम्ही म्हातारी माणसं तोंडानं काही बोलतच नाही! वाकत बसायचं, झुरत बसायचं, आणि आम्ही आपलं ओळखायचं! फोनवर एकदा तरी म्हणायचं ना, की मी तुझ्यासाठी काटा तसाच ठेवलाय म्हणून!”

“म्हणालं असतं, तर आली असतीस?”



रस्त्यावरून एक टेम्पो गेला. शेजारच्या गाळ्यातलं लेथ सुरू झालं, थांबलं.

“...नाही,” ती म्हणाली.

“मग बोललं न्हाईत ते बरं केलं.”

वस्तादांनी शेगडी बंद केली. किटली हळूहळू गप्प झाली. पितळी टोक त्यांनी बाहेर काढलं, पुसलं, पुन्हा इंजिनात बसवून आवळलं. शर्वरी डाव्या सीटवर बसून काटा उतरताना बघत होती. सत्तर. पन्नास. ती ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

चाळीसच्या खाली काटा गेला तेव्हा ती गाडीतून उतरली. गाळ्यात गेली, बाकावरचा पडदा उचलला, खोक्यात घातला आणि झाकण दाबलं.

“नको काही बदलायला,” ती म्हणाली. “मीटर जिवंत आहे. चूक माझी होती. आहे तसा राहू दे काटा.”

“आणि घाटात?”

“मीही वाकेन.”

हे म्हणताना तिचा चेहरा उजळला होता. काहीतरी मोठं कळल्यावर माणसाचा उजळतो तसा. वस्ताद क्षणभर तो चेहरा बघत उभे राहिले.

मग त्यांनी तिच्या हातातून खोकं काढून घेतलं.

झाकण उघडलं. पडदा बाहेर काढला. तो छातीशी धरून गाडीपाशी गेले आणि डॅशबोर्डवर लावून बघितला. कानामागची पेन्सिल काढली. लाकडावर एक खूण केली. दुसरी खूण केली.

“वस्ताद, काय करताय?”

त्यांनी पान्यानं मागचा नट सोडवला. तापमानाचा मीटर डॅशबोर्डमधून सुटून त्यांच्या ओंजळीत आला. जिथं तो होता तिथं एक गोल, काळं भोक उरलं.

“वस्ताद! मी नको म्हटलं ना? ऐकू येत नाही का? बाबांनी बारा वर्षं तो असा ठेवला आणि तुम्ही...”

त्यांनी मीटर, मागच्या तांब्याच्या नळीसकट, तिच्या हातात दिला. बारीक पात्याची करवत उचलली. पातं अंगठ्यावर तपासलं.

“त्या सीटवर तुझ्या बाचं माणूस येणार हुतं, म्हणून इलासराव वाकत हुतं,” वस्ताद म्हणाले. “तुझं कोण येणार हाय?”