आगेऱ्याआधीची पेज

इनासबाबांचा मुक्काम त्या वर्षी तिवरपाड्याला होता. खाडीच्या तोंडाशी, मिठागरांच्या पलीकडे वसलेले ते लहानसे ख्रिस्ती गाव. पहाटे खाडीवरून धुके चालत येई, आणि उन्हे वर येईपर्यंत गाव अर्धे जमिनीवर आणि अर्धे ढगात असल्यासारखे दिसे. बाबा देवळामागच्या, म्हणजे गावच्या चर्चमागच्या, खोपीत राहत, हाक येईल त्या घरी जात आणि पुढ्यात येईल ते खात.

आश्विनात तिथे आगेरा येई. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. प्रत्येक घर आपल्या शेतातली पहिली जुडी देवळात नेई, आणि त्या जुडीबरोबर त्या घरातल्या मृतांची नावे वेदीपुढे घेतली जात. त्याआधी नव्या भाताचा दाणा कोणी तोंडात घालायचा नाही, हा गावाचा जुना नियम.

कात्रीन वर्षभर त्या सणाची वाट पाहायची. तिचा नवरा दुमिंग होडीसकट समुद्रात गेला तो परत आलाच नाही. त्याला ना कबर, ना क्रूस. आगेऱ्याला त्याचे नाव देवळात घुमे, तेवढीच त्याची या पृथ्वीवर उरलेली जागा.

सण तोंडावर आला असताना मिठागरावर कामाला आलेली एक परकी बाई तापाने फणफणत कात्रीनच्या ओट्यावर येऊन कोसळली. तिच्या कडेवर लहान मुलगी होती. कात्रीनच्या कणगीत जुने तांदूळ संपलेले. ती बस्त्याव पाटलांकडे गेली. त्यांच्या घरी जुन्या भाताच्या कणग्या अजून भरलेल्या होत्या, पण ते म्हणाले, सण झाल्यावर ये. आणि ती बाई कोण कुठली, कुठल्या देवाची, ते तरी ठाऊक आहे का तुला?

कात्रीन रिकाम्या हाताने परतली. तिचे एकच खाचर, पण उंचावर असल्याने लवकर पिकलेले. विळा घेऊन ती बांधावर बराच वेळ उभी राहिली. मग घरातून मुलीचे रडणे ऐकू आले, आणि ती खाचरात उतरली.

ओलसर दाणे तिने तव्यावर भाजले, उखळात कांडले आणि त्यांची पेज केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापावे लागले, तिसऱ्या दिवशीही. देवळासाठी म्हणून एक कोपरा तिने राखून ठेवला होता. सणाच्या आदल्या दिवशी त्या बाईचा ताप उतरला आणि तिने पहिल्यांदा आपणहून खायला मागितले. कात्रीनने तो कोपराही कापला.

नव्या तांदळाचा वास काही लपत नाही. संध्याकाळी बस्त्याव चार माणसे घेऊन खाचरात आले. त्यांनी वाकून खुंटांवरून अंगठा फिरवला.

“काय गं कात्रीन, देवाआधी तूच जेवलीस? उद्या काय पेंढा वाहणार आहेस का?”

माणसे हसली. जुडी नाही त्या घराची नावेही नाहीत, असे बजावून ते निघून गेले. हसणे तिला लागले नाही; उद्या दुमिंगचे नाव घुमणार नाही, हे लागले. ती बाबांकडे गेली आणि सगळे सांगितले.

“उद्या विळा घेऊन ये,” ते म्हणाले.

“कापायला काही उरलं नाही, बाबा.”

“विळा आण, एवढंच म्हणालो मी.”

सकाळी धुके इतके दाट होते की मिरवणुकीतल्या पुढच्याचे पाय मागच्याला दिसत नव्हते. लोक एकेका शेताशी थांबत, जुडी कापत आणि गात पुढे जात. कात्रीन सगळ्यांच्या मागे होती. अजून अशक्त असलेली ती बाई मुलीला घेऊन तिच्या खांद्याच्या आधाराने चालत होती. बाबा उंचावरच्या खाचराशी थांबले. कात्रीन पुढे आली आणि तिला वाटले, धुक्यात आपण वाट चुकलो. हे खाचर तिचे नव्हतेच. इथे भात उभे होते, आणि पिवळ्या लोंब्या ओझ्याने वाकल्या होत्या.

मग तिला बांधावरचा आपला दगड ओळखू आला.

कापलेल्या ताटावर लोंबी पुन्हा धरत नाही. फुटवा येतो तो बुडातून, आणि त्याला लोंबी यायला कित्येक आठवडे लागतात. हे बस्त्यावांना गावात सर्वांहून जास्त माहीत होते. ते गुडघ्यांवर बसले. प्रत्येक ताटावर, जिथे विळा फिरला होता नेमका तिथे, तिरका वण होता, जखम भरून आल्यावर राहतो तसा. आणि वणाच्या वर हिरवे, सलग ताट. कालच्याच अंगठ्याने त्यांनी तो वण चाचपला. मग दुसरा, मग तिसरा.

“बाबा, हिनं नियम मोडला होता,” ते कसेबसे म्हणाले.

“नाही, बस्त्याव. नवं भात आधी देवानं खायचं, हाच ना नियम? यंदा देव हिच्या चुलीपाशी जेवला. तुमच्या दारावरून उपाशी गेला, तो हिच्याकडे जेवला.”

बस्त्याव बाबांच्या पायांवर कोसळले. बाबांनी त्यांना उठवले, कात्रीनकडे बोट दाखवले आणि पुढे चालू लागले. कात्रीनने कापलेली जुडी देवळापर्यंत बस्त्यावांनी डोक्यावरून नेली.

वेदीपुढे बाबांनी जुडीवर हात ठेवला आणि “दुमिंग” म्हणाले. कात्रीनने डोळे मिटले. नाव छताशी जाऊन हळूहळू विरले. मग बाबा त्या परक्या बाईकडे वळले आणि हलक्या आवाजात विचारले, “बाय, तुझी कोण कोण माणसं गेली?”

ती गांगरली. मग एकेक सांगू लागली: आई, भाऊ, आणि एक बाळ. त्या देवळात कधीच न ऐकलेली नावे बाबांनी दुमिंगच्या नावाशेजारी ठेवली. तेवढ्यात मागून, फरशीला कपाळ टेकवलेल्या बस्त्यावांचा आवाज सर्वांआधी आला.

“आमेन.”