समुद्राकडची खोली

एकदा एक व्यापारी समुद्रकिनारी घर बांधायला निघाला. नकाशासाठी त्याने घरबांधणीतल्या एका ख्यातनाम वृद्धाला बोलावले. वृद्धाने नकाशा आपल्या शिष्येला काढायला सांगितला. तिने आखलेले घर तिथल्या हवेला साजेसे होते: जोते उंच, छप्पर उतरते आणि भिंतींच्या बरेच पुढे आलेले, वारा आरपार जावा म्हणून समोरासमोर खिडक्या. राखणदाराची खोली तिने मागे, माडांच्या आडोशाला ठेवली होती.

वृद्धाने एकच बदल केला. राखणदाराची खोली पुसून ती थेट समुद्रासमोर, नैर्ऋत्येला काढली.

व्यापारी चकित झाला. "गुरुजी, गड्याला समुद्र आणि मला त्याच्या खोलीची पाठ?"

"असू द्या, शेठ. गरिबालाही हवा लागते."

किनाऱ्यावर जमलेल्या सगळ्यांनी वाहवा केली. राखणदाराची बायको हौसा घाटावरून नुकतीच आलेली. तिने पावसाळ्यातला समुद्र कधी पाहिला नव्हता. तिला दिवस गेले होते. ती वाकून वृद्धाच्या पाया पडली. "देवमाणूस हाय बगा. माझं लेकरू समिंदर बघत झोपंल."

व्यापारी गेल्यावर शिष्येने विचारले, "गुरुजी, पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो. त्या खोलीत तान्हं मूल कसं राहील?"

वृद्ध हसला. "अगं, म्हणूनच खोली तिथे काढली. वादळ आधी तिच्यावर आपटेल, त्याचा जोर मोडेल आणि मागचं घर कोरडं राहील. घराला ढाल लागते, पोरी. आणि ढालीला काही सांगत बसायचं नसतं. हौसा खूश, शेठ खूश. अनुभव म्हणतात तो हाच."

वारा ओळखतो म्हणून या माणसाला शिष्या आजवर शहाणा समजत आली होती. वारा तो खरोखरच ओळखत होता.

ती उठून हौसाकडे गेली. हौसा वाळूत पाळण्याची जागा आखत होती. शिष्येने तिला सगळे सांगितले.

हौसाने पायाने रेघ पुसली. "पोराला घिऊन हितं न्हाई ऱ्हायची मी. आयकडं जाते. ह्येंची भाकरी हितंच हाय, ह्ये ऱ्हातील." मग तिने वृद्धाकडे पाहिले. "आन् मी त्येच्या पाया पडले, ताई."

थोरामोठ्यांनी काही देऊ केले, तर वाकण्याआधी एवढेच पाहावे: आपल्या आडोशाला कोण बसणार आहे.