वाढत्या अंगाचा लॅपटॉप

शाळा ऑनलाइन झाली आणि बार्शीच्या शेवंताबाईंची पंचाईत झाली. मुली दोन, मोबाइल एक. शेवटी शिवणयंत्र बंद करून त्या मुलींसह धनेशशेठच्या दुकानात गेल्या आणि स्वस्तातला जाडजूड लॅपटॉप त्यांनी पसंत केला.

शेठ सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं हसले. "ताई, पोरींचे गणवेश वाढत्या अंगाचे शिवता ना? मग लॅपटॉपही तसाच घ्या!" म्हणत त्यांनी दुप्पट किमतीचा, पापडासारखा पातळ लॅपटॉप पुढे केला. मुलींचे डोळे चमकले.

शेवंताबाईंनी तो उलटा करून शिवण तपासावी तसा निरखला. "शेठ, पुढं पोरींचा अभ्यास वाढला, तर यात मेमरी वाढवता येते?"

"छे! हा कंपनीतूनच पक्का बंद येतो."

"आणि त्या जाड्यात?"

शेठ घुटमळले. "त्यात... येते."

"मग वाढत्या अंगाचा तोच की! अहो, आम्ही नुसतं ढगळ शिवत नाही. आत कापड दुमडून ठेवतो, पोर वाढली की टीप उसवतो. तुमच्या पातळ्यात दुमडच नाही!"

शेठनी जाडा बांधायला घेतला. तेवढ्यात शेजारच्या गिऱ्हाइकानं नुकताच बांधून घेतलेला पातळ लॅपटॉप हळूच काउंटरवर परत ठेवला.