शुक्राच्या दोरीची राजकन्या

एका राज्यात, जिथे घड्याळ नव्हते आणि त्याची उणीवही कोणाला भासत नव्हती, राजवाड्याच्या मधोमध एक गगनमंडप होता. त्यात ज्वाळांनी भरलेला सूर्याचा काचगोल आणि भोवती ग्रहांचे तांब्याचे गोल टांगलेले असत. प्रत्येक गोल स्वतःभोवती आपल्याच चालीने फिरे. राजघराण्यात मूल जन्मले की त्याच्या पाळण्याची दोरी एका गोलाला बांधत, आणि मुलाच्या अंगी तीच चाल येई.

राजा दृढवर्म्याची थोरली कन्या त्वरिता गुरूच्या दोरीची, धाकटी मधुलिका शुक्राच्या. त्वरिता एक वाक्य संपण्याआधी दुसरे सुरू करी. मधुलिकेचे एकच वाक्य अर्धा प्रहर चाले. आचारी म्हणे, धाकट्या बाईसाहेबांना काय हवे ते विचारावे आणि डाळ चुलीवर चढवावी; उत्तर येईतो ती शिजलेली असते. त्वरिता हसे, पण बहिणीसमोर त्याला तसे बोलू देत नसे.

एके सकाळी मधुलिका पित्याला म्हणाली, "तात, मला..." राजाने पुढचे ऐकले नाही. त्याने मांत्रिक कालनाभाला आज्ञा दिली, की सर्व गोल एका दोराने एकाच चाकाला जोडावेत, म्हणजे दोघी मुली एका चालीने वाढतील. सूर्य डळमळू नये म्हणून त्यात शिसेही ओतावे. कालनाभाने परिणाम सांगून पाहिला; राजाने तोही ऐकला नाही. दोर ताणला गेला, गोल एकसारखे फिरू लागले; त्वरितेला ती चाल सोसली, पण मधुलिका, ओठ अर्धे उघडे असतानाच, तांब्याची झाली.

"प्रत्येक गोल आपल्या चालीवर आला, की ती परतेल," एवढे सांगून कालनाभ वनात गेला. चाली मात्र कोठेच लिहिलेल्या नव्हत्या.

मंडपाच्या तुळईवर एक भारद्वाज पक्षी राहत असे. त्वरितेला रडताना पाहून तो बोलला, "चाली मला ठाऊक आहेत. बाकीचे गोल मी चोचीने सोडवीन. गुरू, शुक्र आणि सूर्य तुझे."

गुरू सर्व ग्रहांत मोठा आणि सर्वांत चपळ. पृथ्वीला एका फेरीस साठ घटका लागतात, तर त्याला सुमारे पंचवीस. त्वरितेने दोर कापून त्याला गती दिली. तळहात सोलवटले, पण सायंकाळी गुरू धावू लागला.

"शुक्र उलटा फिरतो," भारद्वाजाने बजावले. "एका फेरीस दोनशे त्रेचाळीस दिवस."

नवव्या दिवशी तिने अधीर होऊन जोर लावला. मधुलिकेच्या करंगळीला बारीक तडा गेला. त्यानंतर तिने एकदाही ढकलले नाही. गोलावर तळहात टेकून ती त्याच्या ओढीने पाऊल टाकी, आणि बहिणीला रोज एकच गोष्ट सांगे, मध्ये मध्ये थांबून, जणू उत्तर येणार आहे. फेरी पुरी झाली त्या दिवशी करंगळीचा तडा बुजलेला होता.

सूर्य मात्र हलेना. "ज्याने शिसे ओतायला लावले, त्यानेच ते काढावे," भारद्वाज म्हणाला.

राजा आला. इतक्या महिन्यांत तो मंडपात प्रथमच येत होता. मुलीच्या उघड्या ओठांकडे न पाहता त्याने भारद्वाजाला विचारले, "याची खरी चाल कोणती, तेवढी सांग."

"एक नाही, महाराज. सूर्य दगडासारखा घट्ट नाही. त्याची कंबर सुमारे पंचवीस दिवसांत फिरते, माथा आणि पायथा सुमारे पस्तीस दिवसांत."

"म्हणजे तो स्वतःच्या अंगातही एका चालीने फिरत नाही?"

"नाही. आणि तरीही तो एकच आहे."

राजाने आता मुलीच्या उघड्या ओठांकडे पाहिले. मग त्याने मुकुट काढून ठेवला, शेगडी फुंकली आणि स्वतःच्या हातांनी शिसे वितळवून बाहेर ओतले. सूर्यात ज्वाळा पुन्हा पेटल्या. मधल्या पुढे गेल्या, कडेच्या मागे राहिल्या. तांब्याखाली रक्त वाहू लागले. मधुलिकेच्या पापण्या हलल्या.

"...तुमच्या..." ती म्हणाली.

राजा तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्वरितेने काही सुचवण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. चुलीवर डाळ शिजली, उतरवली, निवली.

"...पानाशेजारी... बसून... जेवायचे आहे."

आचाऱ्याने डाळ पुन्हा चुलीवर ठेवली आणि दोन पाने शेजारी शेजारी मांडली. तेव्हापासून त्या राज्यात सारे गोल आपापल्या चालीने फिरत आहेत, आणि राजाचे जेवण उशिरा संपते.