डबीत दाणा, डब्यात डबी

बुधवार, सात मे. ऊन कडक. वारा नाही.

तांबू मुंगी चालली होती.
तुरुतुरु तुरुतुरु.
तोंडात दाणा होता. राजगिऱ्याचा दाणा. पांढरा, गोल, एवढास्सा.
तांबूने तो एकटीने शोधला होता. एकटीने उचलला होता. तिचा हा पहिलाच दाणा.

ओसरीवर मथूआत्या घासलेली भांडी पुसत होती. आत्याची एक सवय होती. भांडं पुसलं की ते दुसऱ्या भांड्यात ठेवायचं. एकात एक, एकात एक. आत्या म्हणायची, जागा वाचते.

वाटेत एक डबी होती. उघडी.
तांबू डबीच्या काठावर चढली. पाय सटकला. दाणा सुटला.
टुप्.
दाणा डबीत पडला.

आत्याने आत पाहिलंच नाही. तिने डबीला झाकण लावलं. किर्र किर्र.
तांबू पटकन झाकणावर चढली.
आत्याने डबी डब्यात ठेवली. सोबत चमचा ठेवला, झाकण लावलं. टिंग.
डबा पिंपात ठेवला. सोबत पळी ठेवली, झाकण लावलं. टण्ण.
पिंप पेटाऱ्यात ठेवलं. सोबत परात ठेवली. धप्प.
पेटाऱ्याला कडी लावली. खट्.
आणि आत्या झोपाळ्यावर जाऊन बसली.

आत काळोख. वर काळोख. बाजूला काळोख.
तांबू रडली नाही. तिने पाय आपटले. सहाच्या सहा पाय आपटले.

“डबीताई, डबीताई, उघड. माझा दाणा दे.”
डबी म्हणाली, “कशी उघडू? माझ्या डोक्यावर डब्याचं झाकण. आधी डबा उघडू दे, मग मी उघडीन.”
तांबू म्हणाली, “दाणा माझा आहे. मी दाण्याशिवाय जात नाही.”

डब्याच्या झाकणाला फट होती. तांबू बारीक होती. सुळकन बाहेर आली.
तुरुतुरु तुरुतुरु.

“डबेदादा, डबेदादा, उघड.
डबी उघडत नाही,
माझा दाणा मिळत नाही,
मी दाण्याशिवाय जात नाही.”
डबा म्हणाला, “कसा उघडू? माझ्या डोक्यावर पिंपाचं झाकण. आधी पिंप उघडू दे, मग मी उघडीन.”

पिंपाचं झाकण जरासं वाकडं होतं. तांबू सुळकन बाहेर आली.
तुरुतुरु तुरुतुरु.

“पिंपमामा, पिंपमामा, उघड.
डबा उघडत नाही,
डबी उघडत नाही,
माझा दाणा मिळत नाही,
मी दाण्याशिवाय जात नाही.”
पिंपाचा आवाज घुमला. घूंऽऽ घूंऽऽ. “कसा उघडू? माझ्या डोक्यावर पेटाऱ्याचं झाकण. आधी पेटारा उघडू दे, मग मी उघडीन.”

पेटाऱ्याला कोपऱ्यात भोक होतं. तांबू सुळकन बाहेर आली. बाहेर ऊन होतं. तांबूने डोळे मिचकावले.
तुरुतुरु तुरुतुरु.

“पेटारेआजोबा, पेटारेआजोबा, उघडा.
पिंप उघडत नाही,
डबा उघडत नाही,
डबी उघडत नाही,
माझा दाणा मिळत नाही,
मी दाण्याशिवाय जात नाही.”
पेटारा म्हातारा होता. हळू बोलायचा. “कसा... उघडू? मला कडी लागली आहे. आधी आत्याला कडी काढू दे... मग मी उघडीन.”

झोपाळा हलत होता. कुईं कुईं. कुईं कुईं.
तांबू साखळीवर चढली. साखळीवरून आत्याच्या खांद्यावर आली.
तुरुतुरु तुरुतुरु.

“आत्या, आत्या, कडी काढ.
पेटारा उघडत नाही,
पिंप उघडत नाही,
डबा उघडत नाही,
डबी उघडत नाही,
माझा दाणा मिळत नाही,
मी दाण्याशिवाय जात नाही.”

आत्याला हसू आलं. ती म्हणाली, स्वयंपाकघरात जा, तिथे बरणीभर राजगिरा आहे. हवा तो दाणा घे. हवं तर दोन घे.
“ते तुझे,” तांबू म्हणाली. “मला माझा हवा.”
“एका दाण्यासाठी सगळं काढू? किती छान एकात एक बसवलंय मी. केवढी जागा वाचली.”
“जागा वाचली. दाणा हरवला.”
आत्याने नाक मुरडलं. “मोठी आली मला शिकवणारी. मी नाही उठायची. तुझी अख्खी रांग आली तरी नाही उठायची.”
“बरं,” तांबू म्हणाली. “रांग आणते.”

तांबू साखळीवरून खाली उतरली. अंगणात गेली.
तुरुतुरु तुरुतुरु.
भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. सगळ्यांत पुढे होता काळा मुंगळा.

“मुंगळेदादा, मुंगळेदादा, चला.
आत्या उठत नाही,
पेटारा उघडत नाही,
पिंप उघडत नाही,
डबा उघडत नाही,
डबी उघडत नाही,
माझा दाणा मिळत नाही,
मी दाण्याशिवाय जात नाही.”

मुंगळा म्हणाला, “आम्ही रांग मोडत नाही.”
“मोडू नका. वळवा.”
मुंगळ्याने मिशा हलवल्या. दाणा कुणी शोधला, असं त्याने विचारलं. मी, तांबू म्हणाली. उचलला कुणी? मी.
मुंगळा वळला.
त्याच्यामागची मुंगी वळली. तिच्यामागची वळली. तिच्यामागची वळली. अख्खी रांग वळली.
तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

रांग ओसरीवर आली. झोपाळ्याच्या डावीकडे मुंग्या. झोपाळ्याच्या उजवीकडे मुंग्या. मागे मुंग्या.
फक्त एक वाट मोकळी. पेटाऱ्याकडे जाणारी.

आत्या मुंगीवर कधी पाय देत नसे. रोज सकाळी ती त्यांच्या बिळाशी चिमूटभर पीठ घालायची. तिने दोन्ही पाय वर घेतले. मांडी घालून बसली.
झोपाळा थांबला. रांग हलली नाही.
आत्याला तहान लागली. रांग हलली नाही.
आत्याच्या चहाची वेळ झाली. रांग हलली नाही.

“अगं बायांनो,” आत्या म्हणाली, “मी पाय कुठे ठेवू?”
“पेटाऱ्याकडे ठेव,” तांबू म्हणाली.

आत्याने एक पाय ठेवला. मग दुसरा ठेवला. पेटाऱ्यापाशी गेली.

आत्याने कडी काढली. खट्.
पेटारा उघडला. धप्प.
आतून परात निघाली. ती आत्याने जमिनीवर ठेवली. आतून पिंप निघालं.
“झालं?” आत्याने विचारलं.
“नाही झालं,” तांबू म्हणाली. “पिंप बंद आहे.”

पिंप उघडलं. टण्ण.
आतून पळी निघाली. ती आत्याने परातीशेजारी ठेवली. आतून डबा निघाला.
“झालं?”
“नाही झालं. डबा बंद आहे.”

डबा उघडला. टिंग.
आतून चमचा निघाला. तो आत्याने पळीशेजारी ठेवला. आतून डबी निघाली.
“आता तरी झालं?”
“नाही झालं. डबी बंद आहे.”
“हट्टी आहेस हं,” आत्या म्हणाली.
“हो,” तांबू म्हणाली.

आत्याने डबीचं झाकण फिरवलं. किर्र किर्र.
डबी उलटी केली.
टुप्.
चमच्याशेजारी दाणा पडला. पांढरा, गोल, एवढास्सा.
“आता झालं,” तांबू म्हणाली.

तिने दाणा उचलला. रांगेत शिरली. मुंगळा पुढे निघाला. रांग अंगणात उतरली.
तुरुतुरु तुरुतुरु.

ओसरीवर एका ओळीत परात, पळी, चमचा.
पेटारा रिकामा. पिंप रिकामं. डबा रिकामा. डबी रिकामी.
दाणा तांबूच्या तोंडात.